ज्याला नाव मिळाले नाही

प्रस्तावना

महाराष्ट्रात भुताला नाव असते. मुंज झाल्यावर लग्नापूर्वीच वारलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असे मानतात. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीची हडळ होते, असे सांगतात. समंध, खवीस, जखीण, देवचार अशी ही यादी मोठी आहे. नाव ऐकताच ते भूत जिवंतपणी कोण होते आणि त्याचे काय अपुरे राहिले, हे गावाला कळते. त्याला काय द्यायचे आणि कोणत्या झाडाखालून रात्री जायचे नाही, हेही ठरलेले असते. वेताळाला तर कोकणात आणि गोव्यात देवाचा मान आहे. पैंगीण, लोलये या गोव्यातील गावांत त्याची देवळे आहेत. 'वेताळ पंचविशी'तला वेताळ तुम्हाला आठवत असेल. तो प्रेतात शिरून राहतो, राजाच्या खांद्यावरून गोष्ट सांगतो आणि शेवटी न्यायाचा असा अवघड प्रश्न विचारतो की राजाला मौन सोडावेच लागते. मेलेला देह बोलतो आणि जिवंत माणसाला विचार करायला लावतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

प्रस्तुत पाठात अशाच एका देहाची ओळख करून दिली आहे. तोही बोलतो आणि न्यायाचा प्रश्न विचारतो. मात्र त्याला नाव नाही, गाव नाही आणि त्याच्यासाठी कोणी पान वाढून ठेवत नाही. तो 1818 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कादंबरीतील जीव आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• भयकथेमागील सामाजिक आणि वैयक्तिक परिस्थिती सांगता येईल;
• भाषा शिकण्याच्या प्रक्रियेचे कादंबरीतील चित्रण समजावून घेता येईल;
• एखाद्या पात्राला 'राक्षस' ठरवण्यामागची कारणे तपासता येतील.

मूळ पाठ

पावसाने कोंडलेली पाच माणसे

1815 च्या एप्रिल महिन्यात, आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून निघालेले गंधकयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरात पसरले, सूर्याची उष्णता अडली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके कुजली, धान्य महागले. कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. 1816 च्या जून महिन्यात स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठी राहायला आलेल्या पाच इंग्रज तरुण-तरुणींना या पावसाने घरात कोंडून ठेवले.

त्यांपैकी प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन हा 28 वर्षांचा, म्हणजे सर्वांत वडील. त्याच्या सोबतीचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी 20 वर्षांचा, कवी पर्सी शेली 23 वर्षांचा. मेरी गॉडविन आणि तिची सावत्र बहीण क्लेअर या दोघी अठरा-अठरा वर्षांच्या. वेळ घालवण्यासाठी जर्मन भूतकथांचे एक फ्रेंच भाषांतर मंडळी मोठ्याने वाचत. एके रात्री बायरनने सुचवले की प्रत्येकाने स्वतःची एक भूतकथा लिहावी.

दोन्ही नामवंत कवींनी थोडेफार लिहून ते सोडून दिले. पॉलिडोरीने मात्र बायरनच्या अपुऱ्या कथेचा धागा उचलून 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिली. रक्त पिणाऱ्या प्रेताची समजूत बाल्कन प्रदेशातील खेड्यांत पूर्वीपासून होती. 1725 मध्ये सर्बियातील किसिलेवो गावात आठवडाभरात नऊ माणसे दगावली, तेव्हा गावकऱ्यांनी काही काळापूर्वी पुरलेल्या एका शेतकऱ्यावर आळ घेतला आणि सरकारी अधिकाऱ्यादेखत त्याचे थडगे उकरून छातीत खुंटा ठोकला. रोगाचे कारण कळत नसले, की मेलेल्यावर दोष ढकलणे सोपे असते; तो उत्तर देत नाही. पॉलिडोरीने या खेडवळ प्रेताला उमरावाचा पोशाख चढवला. 1819 मध्ये ही कथा छापली गेली, तीही चुकीने बायरनच्या नावावर. 1897 सालचा 'ड्रॅक्युला' आणि 2005 पासून किशोरवयीन वाचकांत अफाट खपलेली 'ट्वायलाइट' मालिका ही सारी त्याच उमरावाची वंशावळ आहे.

मेरीला मात्र काहीच सुचेना. कथा सुचली का, असे रोज सकाळी तिला विचारले जाई आणि 'नाही' म्हणावे लागे.

शाळेबाहेरची लेखिका

मेरीचा जन्म 30 ऑगस्ट 1797 रोजी लंडनमध्ये झाला. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने स्त्रियांच्या हक्कांवर 1792 मध्ये एक गाजलेला ग्रंथ लिहिला होता. बाळंतपणानंतर ताप येऊन ती दहा-अकरा दिवसांतच वारली. मुलीला आई भेटली ती पुस्तकांत आणि थडग्यावर. वडिलांनी आईच्या थडग्यावरील अक्षरांवर बोट फिरवून तिला वाचायला शिकवले, असे सांगतात. मोठेपणी ती त्याच दफनभूमीत वाचत बसे. तिचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. वडील विल्यम गॉडविन लेखक आणि विचारवंत होते. त्यांचा ग्रंथसंग्रह आणि घरी येणाऱ्या विद्वानांची बोलणी कोपऱ्यात बसून ऐकणे, हीच तिची शाळा.

सोळाव्या वर्षी ती पर्सी शेलीबरोबर घर सोडून निघून गेली. पर्सी विवाहित होता. वडिलांनी तिच्याशी संबंध तोडले. फेब्रुवारी 1815 मध्ये तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि दोन आठवडेही न जगता वारली. काही दिवसांनी मेरीने रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद केली. बाळ मेलेले नव्हते, नुसते गारठले होते. शेकोटीजवळ चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झाले, असे ते स्वप्न होते.

या नोंदीनंतर सव्वा वर्षाने ती जिनिव्हाच्या त्या घरात बसली होती. एके संध्याकाळी गप्पांत विषय निघाला, की प्राण म्हणजे नेमके काय? इटालियन शास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याने विजेच्या साहाय्याने मेलेल्या बेडकाचे पाय हलवून दाखवले होते. 1803 मध्ये त्याच्या भाच्याने, जोव्हान्नी आल्दिनीने, लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या शवावर तोच प्रयोग केला, तेव्हा शवाचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. त्या रात्री मेरीला झोप आली नाही. मिटल्या डोळ्यांपुढे तिला एक फिकट चेहऱ्याचा विद्यार्थी दिसला. आपणच जोडलेल्या एका देहाशेजारी तो गुडघे टेकून बसला होता आणि तो देह हलू लागला होता.

या कादंबरीविषयी लिहिताना विज्ञानाच्या धोक्याचीच चर्चा बहुधा केली जाते. ती चुकीची नाही. तरी शेकोटीजवळ चोळलेल्या त्या बाळाला विसरून ही कादंबरी वाचली, तर तिचा अर्धा भाग हातून निसटतो.

भिंतीच्या फटीतून

कथा थोडक्यात अशी. जिनिव्हाचा तरुण व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जर्मनीतील इंगोलस्टाट येथे शिकायला जातो. आई नुकतीच वारलेली असते. मृत्यूवर मात करण्याच्या ध्यासाने तो शवगृहातून आणि कत्तलखान्यातून अवयव गोळा करतो आणि आठ फूट उंचीचा एक देह तयार करतो. नोव्हेंबरच्या एका पावसाळी रात्री त्या देहात प्राण येतो. पिवळसर, निस्तेज डोळे उघडतात. आणि व्हिक्टर पळून जातो. त्या देहाने अद्याप काहीच केलेले नसते. तो फक्त दिसायला भयंकर असतो.

येथून पुढे हा जीव एकटा आहे. त्याला भूक, थंडी, प्रकाश, काळोख यांतला फरकही कळत नाही. रानात कोणीतरी सोडून गेलेला विस्तव त्याला सापडतो; तो हात घालतो आणि भाजतो. ऊब देणारी वस्तूच चटका देते, हा त्याचा पहिला धडा. एका गावात शिरतो तेव्हा लोक दगड मारतात. शेवटी तो एका झोपडीला लागून असलेल्या पडक्या खोपटात लपतो. मधल्या भिंतीला एक फट असते.

कादंबरीचा गाभा या फटीत आहे. पलीकडे एक आंधळा म्हातारा, त्याचा मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा राहतात. तोंडातून निघणाऱ्या आवाजांनी माणसे एकमेकांना हसवतात, रडवतात, हे पाहून तो थक्क होतो. कित्येक दिवस कान देऊन ऐकल्यावर त्याला पहिले शब्द उमगतात: विस्तव, दूध, भाकर, लाकूड. नंतर माणसांची नावे कळतात. म्हाताऱ्याला 'बाबा' म्हणतात. तरुणाला 'फेलिक्स', 'दादा', 'मुलगा' अशी तीन-तीन नावे आहेत. एकाच माणसाला इतकी नावे कशी, हे त्याला आधी कळत नाही. नाती कळली की नावे कळतात. 'चांगला', 'प्रिय', 'दुःखी' हे शब्द ओळखता येतात, पण कोणाला लावायचे ते उमजायला वेळ लागतो. वस्तूंचे शब्द आधी आणि मनाचे शब्द नंतर, हा क्रम लेखिकेने फार बारकाईने रंगवला आहे. परक्या मुलखात जाऊन नवी भाषा शिकलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

घरात गरिबी आहे हे लक्षात येताच तो त्यांच्यातले अन्न चोरणे थांबवतो. रात्री रानातून लाकडे तोडून दारात आणून ठेवतो. सकाळी घरची माणसे चकित होतात आणि एखाद्या चांगल्या आत्म्याची ही करणी असावी असे म्हणतात. त्यांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द स्वतःसाठी त्याने ऐकला, तो एवढाच.

पुढे सफी नावाची परदेशी तरुणी तेथे येते. तिला ती भाषा येत नसते, म्हणून फेलिक्स तिला शिकवू लागतो. विद्यार्थिनी एक, पण शिकतात दोघे. भिंतीपलीकडचा विद्यार्थी तिच्यापेक्षा लवकर वाचायला शिकतो. साम्राज्यांच्या उदयास्तावरचे एक पुस्तक फेलिक्स मोठ्याने वाचतो. धन, कुळ, वारसा, श्रीमंती आणि दारिद्र्य यांची माणसांनी कशी विभागणी केली आहे, हे त्याला त्यातून समजते. मग तो स्वतःकडे पाहतो. आपल्याकडे पैसा नाही, घराणे नाही, मित्र नाही. आई-बाप तर नाहीतच. वाचता येण्यापूर्वी त्याला भूक आणि थंडी एवढीच दुःखे होती.

रानात त्याला एक चामडी पेटी सापडते. तीत तीन पुस्तके असतात: मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट', प्लूटार्कने लिहिलेली थोर पुरुषांची चरित्रे आणि गटेची 'वेर्थर' ही कादंबरी. मिल्टनच्या काव्यात देव आदमला घडवतो आणि त्याला आपले मानतो. त्याच सुमारास अंगावरच्या कोटाच्या खिशात व्हिक्टरची टिपणवही असल्याचे त्याच्या ध्यानी येते. आपण कसे, कोणत्या तुकड्यांतून आणि किती किळसेने घडवले गेलो, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. कष्टाने मिळवलेल्या अक्षरज्ञानाचा उपयोग त्याला असा करावा लागतो. साक्षरतेने सारे दुःख दूर होते, असे भाषणांतून सांगितले जाते. मेरी शेलीने त्यापेक्षा खरे लिहिले आहे. आणि तरीही, न शिकलेलेच बरे, असे ही कादंबरी कोठेही म्हणत नाही. याच भाषेमुळे पुढे तो आपली बाजू मांडू शकतो.

पाठगत प्रश्न

1. सुरुवातीला शिकलेल्या चार शब्दांचा त्या जीवाच्या गरजांशी काय संबंध आहे?
2. 'नाती कळली की नावे कळतात', या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
3. टिपणवही वाचल्यावर त्याला काय कळले?

दार उघडते आणि बंद होते

एके दिवशी तरुण मंडळी फिरायला गेल्यावर तो दार ठोठावतो. आंधळा म्हातारा त्याला आत बोलावतो, शेकोटीजवळ बसवतो. त्याला चेहरा दिसत नाही, भाषा ऐकू येते. आणि त्या भाषेवरून हा सभ्य, दुःखी वाटसरू आहे असे तो ठरवतो. कादंबरीत या जीवाला माणूस म्हणून मिळालेला हा एकच पाहुणचार. इतक्यात बाकीचे परत येतात. अगाथा मूर्च्छित पडते, सफी पळते, फेलिक्स काठीने मारतो. उलट मारण्याचे बळ असूनही तो हात उचलत नाही. कुटुंब घर सोडून जाते तेव्हा तो ते रिकामे घर पेटवतो. पुढे बुडणाऱ्या एका मुलीला वाचवतो. बदल्यात तिच्या सोबत्याची गोळी मिळते.

नंतरचा भाग रक्ताचा आहे. व्हिक्टरच्या धाकट्या भावाला, विल्यमला, तो गळा दाबून मारतो. खुनाचा आळ घरातील जस्टिन या निष्पाप मुलीवर येतो आणि तिला फाशी होते. माँट ब्लांक पर्वताजवळच्या हिमनदीवर तो व्हिक्टरला गाठतो, आपली सारी हकिकत सांगतो आणि एकच मागणी करतो: माझ्यासारखीच एक सोबतीण दे, म्हणजे मी माणसांपासून दूर निघून जाईन. व्हिक्टर कबूल होतो, कामाला लागतो आणि भीतीने ते अर्धवट काम मोडून टाकतो. मग मित्राचा खून होतो. लग्नाच्या रात्री पत्नीचाही. उत्तर ध्रुवाकडील बर्फात पाठलाग करता करता व्हिक्टर एका जहाजावर मरतो. त्याच्या शवापाशी तो जीव येतो, शोक करतो, स्वतःला जाळून घेईन असे सांगतो आणि बर्फाच्या तुकड्यावरून अंधारात नाहीसा होतो.

जहाजाचा कप्तान बहिणीला पत्रे लिहितो. पत्रांत व्हिक्टरची कहाणी, तिच्यात त्या जीवाची आणि तिच्याही पोटात झोपडीतल्या कुटुंबाची. 'कथासरित्सागर' किंवा 'पंचतंत्र' वाचलेल्यांना ही गोष्टीत गोष्ट गुंफण्याची रीत परिचित आहे. येथे तिला विशेष अर्थ आहे. सर्वांत आतल्या पेटीत, कादंबरीच्या बरोबर मध्यभागी, लेखिकेने राक्षसाचा स्वतःचा आवाज ठेवला आहे. तेथपर्यंत पोहोचेपर्यंत वाचकाने त्याच्याविषयी फक्त इतरांकडून ऐकलेले असते. तो बोलू लागल्यावर मात्र वाचकाची स्थिती त्या आंधळ्या म्हाताऱ्यासारखी होते, कारण पुस्तकात चेहरा दिसत नाही.

त्याची बाजू पटली, म्हणून विल्यमचा खून क्षम्य ठरतो का? लेखिका तसे म्हणत नाही. शेवटी तो स्वतःही तसे म्हणत नाही. विल्यमने त्याचे काहीच बिघडवलेले नव्हते, जस्टिनने तर मुळीच नाही. अन्याय सोसलेला माणूस त्यामुळे आपोआप निर्दोष होत नाही. पण व्हिक्टरने पहिल्या रात्री दार उघडे टाकून पळ काढला नसता तर काय झाले असते, हाही प्रश्न मिटत नाही. हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी जागे ठेवणे कठीण असते, आणि बहुतेक भयपट त्यांतला एक सोडून देतात.

मुका राक्षस

1 जानेवारी 1818 रोजी कादंबरी तीन भागांत, 500 प्रतींच्या आवृत्तीत प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. प्रस्तावना पर्सीने लिहिली होती, त्यामुळे कादंबरीही त्याचीच, असे अनेकांना वाटले. वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्या समीक्षकानेही तसेच गृहीत धरले. एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातून हे होईल, ही शंकाही बहुतेकांना शिवली नाही.

1823 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे नाटक आले. पात्रांच्या यादीत त्या जीवाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा छापल्या होत्या. मेरीने ते नाटक पाहिले. नाव नसलेल्याला असे नाव देण्याची पद्धत तिला आवडली, असे तिने एका पत्रात कळवले. मात्र त्याच नाटकात तो जीव मुका होता. रंगमंचावर त्याने फक्त हावभाव करायचे. 1931 च्या हॉलिवूड चित्रपटात बोरिस कार्लोफ या नटाने त्याला जे रूप दिले, तेच आज जगभर ओळखले जाते: सपाट डोके, मानेत खिळे, जड पावले. तोही मुकाच. पुस्तकात मिल्टन वाचणारा आणि आपल्या निर्मात्याशी तासन्‌तास युक्तिवाद करणारा जीव पडद्यावर गुरगुरू लागला. भिंतीच्या फटीतून त्याने मिळवलेली एकमेव मालमत्ता त्याच्याकडून काढून घेण्यात आली.

याच काळात लोकांनी त्याला 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणायला सुरुवात केली. वस्तुतः हे त्याला घडवणाऱ्याचे नाव. चूक म्हणून ती दाखवून दिली जाते आणि परीक्षेत तिचे गुणही कापले जातात. पण मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव येतेच. त्या रिवाजाने पाहिले, तर ज्या बापाने झिडकारले त्याचेच नाव जगाने परस्पर लेकराला लावले, असे म्हणता येईल.

2025 मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी केलेल्या चित्रपटात तो जीव पुन्हा बोलतो, आणि कथेचा एक मोठा भाग त्याच्याच तोंडून येतो.

स्वाध्याय

1. वेताळ आणि फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव यांच्यातील साम्य आणि भेद आठ-दहा ओळींत लिहा.
2. आंधळ्या म्हाताऱ्याने त्या जीवाला आत का घेतले? त्याला दृष्टी असती तर तो कसा वागला असता, असे तुम्हाला वाटते?
3. मेरी शेलीच्या आयुष्यातील कोणते दोन प्रसंग कादंबरीत रूप बदलून आलेले दिसतात? सकारण लिहा.
4. विल्यमच्या खुनाचा खटला चालला असता, तर व्हिक्टरची साक्ष आणि त्या जीवाची साक्ष कशी झाली असती? दोन्ही संवादरूपात लिहा.
5. तुमच्या भागात सांगितली जाणारी एखादी भुताची गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकून तुमच्या शब्दांत लिहून काढा. ते भूत जिवंतपणी कोण होते, हे गोष्टीत सांगितले आहे का? नसल्यास तीच गोष्ट पुन्हा एकदा, त्याच्या तोंडून लिहा.